हाय हील्सवर किती खर्च करायचा: नागपूरच्या लग्नसराईचा हिशेब

आधी पत्रिकेवर स्थळ वाचा. 'लॉन' लिहिलं असेल तर पेन्सिल हीलवर एक रुपयाही घालू नका, मग ती कितीही देखणी असो आणि कितीही स्वस्तात मिळत असो. वर्धा रोड घ्या, काटोल रोड घ्या, कोराडी रोड घ्या, आपल्याकडची बरीच रिसेप्शनं हिरवळीवरच होतात, आणि त्या हिरवळीखाली बहुतेक ठिकाणी आपली काळी माती असते. थंडीत दिवसा लॉनला पाणी दिलेलं, संध्याकाळी वर दव. काळी माती भिजली की लोण्यासारखी होते. पेन्सिल हीलच्या टोकाची टोपी साधारण 8 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जमिनीला टेकणारी जागा जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर. 4 बाय 4 सेंटिमीटरच्या ब्लॉक हीलची जागा 16 चौरस सेंटिमीटर. तेच वजन 32 पट जागेवर पसरतं. पेन्सिल हील घालून लॉनवर चालणारी बाई म्हणूनच चवड्यांवर चालते, पोटऱ्या भरून येतात, आणि हीलवरचं रेक्झिन मातीत घासून पहिल्याच दिवशी सोलतं.

पेन्सिल हील आधीच घरात असेल तर हीलच्या टोकावर बसणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात. त्यांनी टेकणारी जागा वाढते. पण त्या बऱ्यापैकी कोरड्या लॉनपुरत्या. चिखलात त्या टोप्याच मातीत राहतात.

हॉल असेल तर त्रास निराळा. तिथे रुतणं नाही, घसरणं आहे. व्हिट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइटवर अक्षता आणि फुलांच्या पाकळ्या सांडलेल्या असतात, आणि नवा सोल तळाशी काचेसारखा गुळगुळीत असतो. स्टेज म्हणजे प्लायच्या फळ्या, वर कार्पेट अंथरलेलं, दोन फळ्यांमधली फट दिसत नाही. पार्किंगपासून दारापर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवलेले. बारीक हील या दोन्ही फटींत बरोबर जाऊन बसते.

जागा कळली की पैशांचा हिशेब. इथे लोक एक चूक हमखास करतात: 'चांगली घेतली तर दहा वर्षं पुरेल' असं धरून चालतात. साडी पुरते, दागिना पुरतो, हील्स पुरत नाहीत. बाजारातल्या बहुतेक हील्स वरून रेक्झिनच्या म्हणजे पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) थर दिलेल्या कापडाच्या असतात, आणि कित्येकींचा सोलही पीयूचाच. या पदार्थाला हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कीड लागल्यासारखं होतं, आणि उष्णता ती गती वाढवते. जोड घातला काय, न घातला काय, फरक पडत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. डब्यात जपून ठेवलेला जोड चौथ्या वर्षी काढला तर पट्ट्यावरून पापुद्रे निघतात, नाहीतर सोल हातात भुगा होऊन येतो. म्हणून माझा हिशेब तीन वर्षांचाच असतो. पुढच्या तीन वर्षांत हा जोड किती वेळा पायात जाईल, तेवढंच धरायचं. त्यापुढे टिकला तर आनंद आहे.

आता आकडे मांडू. 800 रुपयांचा जोड चार कार्यक्रमांत ढिला झाला, तर एका कार्यक्रमाला 200 रुपये पडले. 2000 रुपयांचा जोड, त्यावर टोप्या आणि सोलच्या कामाचे 300, आणि तीन वर्षांत पंधरा वेळा घातला, तर 153 रुपये. 6000 रुपयांचा जोड तितक्याच वेळा घातला तर 400 रुपये. वर्षाला चार-पाच लग्नं, एखादी मुंज, एखादं वाढदिवसाचं जेवण एवढं ज्यांचं असतं त्यांच्यासाठी मधलाच आकडा शहाणपणाचा आहे. आणि जिला वर्षातून एकदाच हील्स लागतात, तिने 2000 घालू नयेत. तीन वर्षांत तीन वेळा घातल्यावर एका वेळेला 700 च्या आसपास पडतात. तिने 800 ते 1000 मध्ये दोन इंचांची ब्लॉक हील घ्यावी आणि निश्चिंत राहावं.

ब्लॉक हील म्हणाले ते मुद्दाम. स्वस्त ब्लॉक हील चालून जाते, स्वस्त पेन्सिल हील धोक्याची असते. का, ते सँडलच्या पोटात दडलंय.

उंच टाचेच्या सँडलमध्ये टाच आणि चवडा यांच्यामधला भाग हवेत असतो, खालून आधार नसतो. अंगाचा भार पडल्यावर तो वाकू नये म्हणून आतल्या सोलच्या थरांत बोटभर रुंदीची पोलादी पट्टी घालतात. तिला शँक म्हणतात. ती पातळ असेल किंवा नुसत्या पुठ्ठ्यावर भागवलं असेल तर प्रत्येक पावलाला मधला भाग किंचित खाली बसतो आणि हील मागेपुढे डुलते. चार तास असं डुलल्यावर घोटा आणि पोटरी थकते, आणि दोष मात्र आपण 'मला हील्सची सवय नाही' म्हणून स्वतःकडे घेतो. तपासणं अगदी सोपं आहे. एका हाताने टाचेकडचा भाग धरा, दुसऱ्याने चवड्याकडचा, आणि वाकवा. सँडल चवड्याच्या रेषेतच वाकली पाहिजे. मध्ये कमानीत वाकत असेल तर ती खाली ठेवा, किंमत विचारूही नका.

दुसरी गोष्ट म्हणजे हीलचा जोड. हील प्लॅस्टिकची असते आणि आतून, म्हणजे टाच टेकते त्या जागेखालून, स्क्रू आणि खिळ्यांनी बसवलेली असते. वर गादी चिकटवलेली असल्यामुळे ते दिसत नाहीत. ब्लॉक हीलला रुंद बैठक मिळते, खिळे लांब लांब मारता येतात, एखादा ढिला झाला तरी बाकीचे सांभाळतात. पेन्सिल हीलला बैठक लहान आणि दांडा बारीक. त्यामुळे दांड्याच्या आत पोलादी नळी घालावी लागते, नाहीतर नुसतं प्लॅस्टिक आडव्या झटक्याने तुटतं. हा खर्च 600 रुपयांच्या जोडीत कोणी करत नाही. तपासायला सोल घट्ट धरून हील डावीकडे उजवीकडे पिळा. केसभरही हलायला नको, करकर आवाज यायला नको. मग जोड काउंटरच्या काचेवर ठेवून मागून डोळ्यांच्या रेषेत बघा. दोन्ही हील्स काटकोनात उभ्या हव्यात, आणि टोपीचा पूर्ण तळ काचेला टेकलेला हवा. बोटाने हलकं ढकलल्यावर डगमगली तर ती पायातही डगमगणार.

तिसरी गोष्ट टोपी. हीलच्या तळाला बसवलेला हा छोटा तुकडा झिजण्यासाठीच असतो. पीव्हीसीचा लवकर झिजतो, टीपीयू या चिवट प्लॅस्टिकचा जास्त टिकतो. नखाने दाबून बघा. नख सहज रुतलं तर ती टोपी सिमेंट रस्त्यावर फार दिवस काढणार नाही. पेन्सिल हीलच्या टोपीला पोलादी खिळा असतो. टोपी झिजली की खिळा फरशीवर आपटतो आणि टकटक आवाज येतो. तो आवाज आला की त्याच आठवड्यात टोपी बदलायची. उशीर केला तर हीलचं प्लॅस्टिकच झिजतं, उंची कमी होते, आणि मग नवी टोपी सरळ बसत नाही. शिवाय ग्रॅनाइटवर उघडा खिळा म्हणजे घसरून पडण्याची हमी.

चौथी, आणि आपल्या हवेत सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे अस्तर. आतून गुळगुळीत रेक्झिन असेल तर घाम जिरत नाही, पाय उतारावरून पुढे सरकतो, बोटं टोकात दबतात किंवा समोरच्या पट्ट्याखालून बाहेर येतात. चवडा जळतो त्यातलं निम्मं कारण हेच. आतून कातडं किंवा सुएडसारखं खरखरीत कापड हवं. एप्रिल-मेच्या लग्नासाठी सँडल घेत असाल तर वरच्या खड्यांपेक्षा हे आधी बघा. अस्तर गुळगुळीतच असेल पण बाकी सगळं पसंत असेल, तर चवड्याखाली लावायची जेलची गादी घ्या. तिची जाडी धरून माप बघा, नाहीतर पट्टा आवळतो.

खड्यांबद्दल एक सांगते. खडे दोन प्रकारे बसवतात, नुसते चिकटवून किंवा धातूच्या नखांत धरून. चिकटवलेले पडतात. नखांतले पडत नाहीत, पण नेटची ओढणी, शिफॉन आणि पैठणीचा काठ ओढून काढतात. दुकानात जाताना जुनी नेटची ओढणी पिशवीत टाका आणि सँडलवरून एकदा फिरवा. अडकली तर ठेवून द्या. सोनेरी रंगाचंही तसंच: पट्टा किंचित वाकवून बघा, पांढऱ्या बारीक रेघा दिसल्या तर ती वरून चिकटवलेली फॉइल आहे आणि अंगठ्याजवळ पहिली उडणार. लखलखीत सोनेरीपेक्षा जुन्या सोन्यासारखा मंद रंग बरा. ओरखडे दिसत नाहीत आणि पाच साड्यांवर चालतो.

उंची किती घ्यायची यावरही खर्च ठरतो, कारण उंची वाढली की वरच्या चारही गोष्टी जास्त चांगल्या लागतात. रोज सपाट चपला घालणाऱ्यांनी दोन ते अडीच इंचांवर थांबावं. तीन इंचांची हील 36 नंबरच्या पायाला 40 नंबरच्या पायापेक्षा जास्त उभी पडते, कारण उंची तीच आणि पाय आखूड. त्यामुळे मैत्रिणीला झेपली म्हणून आपल्याला झेपेल असं नाही. समोर प्लॅटफॉर्म असेल तर तो वजा करा: चार इंचांची हील, एक इंचाचा प्लॅटफॉर्म, म्हणजे पायाला तीन इंचांचाच चढ. पण प्लॅटफॉर्म जाड असला की खालची जमीन जाणवत नाही आणि घोटा मुरगळायला एक खड्डा पुरतो. वरमायांनी तर दीड-दोन इंचांची रुंद ब्लॉक, घोट्याला पट्टा असलेली, एवढंच घ्यावं. दिवसभर सगळ्यात जास्त धावपळ त्यांचीच असते. घोट्याच्या पट्ट्याचा फायदा असा की सँडल पायात टिकवायला बोटं आवळून धरावी लागत नाहीत. फक्त बकल एका हाताने उघडता येतं का ते बघा. मांडवात जाताना, पूजेला बसताना, जेवणाच्या पंगतीला, दिवसात पाच-सहा वेळा काढघाल होते. नऊवारी किंवा जड शालू नेसून खाली वाकून बारीक बकल लावणं फार जिकिरीचं. बकलाशेजारी इलॅस्टिकचा तुकडा असेल किंवा मागे चेन असेल तर काम सोपं होतं.

मग पैसे नेमके कुठपर्यंत वाढवावेत? 1200 ते 2500 या पट्ट्यात नीट शँक, न डुलणारी हील आणि बरं अस्तर शोधून मिळतं. 2500 ते 5000 मध्ये खरं कातडं, चांगला साचा आणि बारीक हीलची मजबुती मिळू शकते, पण आपोआप मिळत नाही. तिथेही रेक्झिनच्या जोडी चमकत असतात. त्याच्या वर जे मोजता ते मुख्यतः नक्षी आणि नावासाठी. त्यात वाईट काही नाही, पण आराम त्या प्रमाणात वाढत नाही हे माहीत असावं.

2500 च्या आसपास असाल तर कराकडे लक्ष द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या जोडीवर 18 टक्के. ही मर्यादा कर धरण्याआधीच्या किमतीला लागते. 2500 चा जोड करासह 2625 ला पडतो, 2501 चा 2951 ला. एका रुपयासाठी 326 रुपये. सवलत बिलातच दिली असेल तर सवलतीनंतरची किंमत धरतात. 3000 चा जोड सवलतीत 2400 ला आला तर त्यावर 5 टक्केच. जीएसटी लावणाऱ्या दुकानात करासह किंमत 2625 आणि 2950 यांच्या मध्ये कुठे निघाली तर बिलावरचा दर एकदा वाचून घ्या, तो हिशेब जुळत नाही. आणि एकूण बजेटातून 300 ते 400 आधीच बाजूला काढा. 2000 ठरवले असतील तर जोड 1600 चा. उरलेल्यात काय करायचं ते पुढे येतंच.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात आणि लग्नात ते तसेच असणार आहेत. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरून फिरून शेवटी घेतलेला जोड सकाळी अकराला घेतलेल्या जोडीपेक्षा नीट बसतो, यामागे हेच आहे. दोन्ही पायांत घाला, मोठ्या पायाचं माप धरा. उभं राहिल्यावर सँडलमध्ये बोटांपुढे तीन-चार मिलिमीटर जागा उरावी, टाच मागून बाहेर लटकू नये. बंद बुटात उभं असताना मागून करंगळी सहज जात असेल तर तो सैल आहे. गालिच्यावर चालून बघू नका, फरशीवर उतरा, दहा मिनिटं पायात ठेवा, दोन पायऱ्या उतरून बघा. चढताना सगळ्याच बऱ्या वाटतात, उतरताना कळतं. 'नरम हो जाएगा दीदी' हे वाक्य कातड्यासाठी थोडंफार खरं आहे. रेक्झिन पाय सोलून काढतं, स्वतः नरम होत नाही. आज करंगळीला लागतोय तो पट्टा लग्नातही लागणार.

ऑनलाइन घेताना नंबरावर विसंबू नका. युरोपीय मापात एका नंबराचा फरक 6.67 मिलिमीटर, ब्रिटिश मापात सुमारे 8.5 मिलिमीटर. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना कोणीतरी कुठेतरी पूर्णांक करतंच. कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा आणि आतल्या सोलच्या लांबीशी ताडून बघा. आल्यावर घरातच चादरीवर घालून चाला, म्हणजे सोलला डाग न पडता परत करता येते.

लेहंगा किंवा गाउन असेल तर हील्स आधी, शिलाई नंतर. घेराची उंची टेलरकडे त्याच हील्स घालून मोजायची. साडीलाही हील्स घालूनच नेसायचं, नाहीतर निऱ्या वर जातात आणि घोटे दिसतात. नवरीने स्टेजवर तीन-चार तास उभं राहण्यासाठी दुसरा जोड ठेवला तर उत्तम, पण दोन्हींची उंची सारखी हवी. फोटोसाठी चार इंच आणि नंतर सपाट चप्पल असं केलं की घेर जमिनीवर लोळतो आणि पायाखाली येतो. एक 5000 चा जोड घेण्यापेक्षा एक 2200 चा दिसायला आणि एक 1200 चा ब्लॉक उभं राहायला, हे मला नवरीसाठी केव्हाही जास्त पटतं. करवलीला मात्र एकच पुरे, ती एका जागी उभी राहतच नाही.

बाजूला काढलेल्या 300-400 मध्ये पहिलं काम: मोच्याकडून चवड्याखाली पातळ रबरी अर्धा सोल लावून घ्या, एक-दीड मिलिमीटरचा पुरतो. ग्रॅनाइटवर पकड येते आणि मूळ सोल झिजत नाही. टोप्यांचा एक जादा जोड त्याच्याकडूनच मापाचा घेऊन ठेवा. लग्नाच्या आधी दोन-तीन संध्याकाळी घरात मोजे घालून वीस-वीस मिनिटं चाला. गाडीवर जाताना हील्स पिशवीत, पायात सपाट चप्पल. ॲक्टिवाच्या फूटबोर्डवर हीलची मागची बाजू घासते आणि तिथलं रेक्झिन गेलं की परत येत नाही. कारमध्येही तेच होतं.

सोल सुटला तर फेविक्विक लावू नका. तो काचेसारखा कडक होतो, सोल वाकला की तुटतो, आणि त्याचा थर राहिला की मोच्याचं सोल्युशनही धरत नाही. दोन्ही बाजू घासून जुना गोंद काढायचा, दोन्हींना रबर सोल्युशनचा पातळ हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेल पण ओढलं जाणार नाही एवढं सुकलं की एकदाच नीट बसवून दाबायचं. रात्रभर वजनाखाली.

घरी आल्यावर लगेच डब्यात कोंबू नका, रात्रभर वारा लागू द्या. मग ओल्या फडक्याने धूळ पुसून, पूर्ण कोरडं करून, बोटांकडे कागदाचा बोळा घालून, सुती पिशवीत ठेवा, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या एक-दोन पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा आतच राहतो. वरच्या माळ्यावर, स्लॅबच्या अगदी खाली ठेवू नका, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, ती जागा भट्टी असते. उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डिकीत तर एक दुपारही नको, सोलचा गोंद नरम पडून कडा सुटतात. आणि पुढच्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी जोड बाहेर काढून शँक, हील, टोपी आणि बकल पुन्हा एकदा हाताने तपासा. आठवड्याचा वेळ असला की मोची मिळतो, मुहूर्ताच्या दिवशी मिळत नाही.